फोनची जागा

2023 च्या मे महिन्यातील एका संध्याकाळी, विट्याजवळच्या आमच्या गावी, सोप्यात बसून अण्णा मला 1972 च्या दुष्काळाची हकिकत सांगत होते. अण्णा मुळात कमी बोलणारे. त्या दिवशी विषय कशावरून निघाला ते आठवत नाही. पण 17 वर्षांचे असताना ते त्यांच्या आईबरोबर, म्हणजे माझ्या आजीबरोबर, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. फोडलेल्या खडीचा ढीग मोजून मजुरी मिळे. कामावर सुकडी, म्हणजे एक कोरडा पौष्टिक खाऊ, वाटली जाई. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे एक प्रकारची ज्वारी, मिळे आणि त्याची भाकरी थापताना आजीच्या हातात तुटे. "एका शनिवारी मुकादमानं आईचा ढीग मोजायलाच नकार दिला," असे अण्णा म्हणाले आणि नेमका त्याच वेळी माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. मी खाली पाहिले. ज्यांच्यासाठी मी भाषांतराची कामे करते, अशा एका संपादकांचा निरोप होता आणि तो तातडीचा नव्हता. चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला नसेल. मान वर केली तेव्हा अण्णा थांबले होते. "मग?" मी विचारले. "असू दे, तू तुझं काम बघ आधी," असे म्हणून ते उठले आणि गोठ्याकडे गेले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला अधिक लागले. ज्याला काम आहे त्याचा वेळ आपण घेऊ नये, इतकाच त्यांचा साधा विचार होता. रात्री जेवताना मी पुन्हा विषय काढला, तेव्हा "झालं की सांगून, जुनी गोष्ट ती," म्हणून त्यांनी ताटाकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतले. आजीच्या ढिगाचे पुढे काय झाले, ते मला कळले नव्हते.

एसटीत बसल्यावर मी फोनमध्येच असलेला हिशेब उघडून पाहिला. 2018 पासून फोन बनवणाऱ्या कंपन्यांनीच वापराची ही मोजणी फोनमध्ये दिलेली आहे. आदल्या दिवशी मी तो 118 वेळा उघडला होता. मी सुट्टीवर होते, वडिलांना भेटायला गेले होते आणि तरीही जागेपणीच्या प्रत्येक तासाला सरासरी सात वेळा मी त्या माणसाकडून नजर काढून काचेकडे नेली होती. त्या 118 पैकी किती वेळा मला खरोखर काही काम होते, हे आठवण्याचा मी प्रयत्न केला. मला नऊ प्रसंग आठवले.

त्यानंतर काही आठवडे मी या विषयावर बरेच वाचले. आपल्या हातून हे का होते, ते समजल्याशिवाय त्यावर उपाय सापडणार नाही, असे मला वाटत होते. वाचताना जी गोष्ट मनात ठसली, ती शेवटाविषयीची आहे. आम्ही लहान असताना वाचण्याच्या प्रत्येक वस्तूला शेवट होता. वर्तमानपत्राचे शेवटचे पान खेळाचे असे आणि ते वाचून झाले की वर्तमानपत्र संपे. दिवाळी अंक कितीही पुरवून वाचला तरी केव्हातरी मलपृष्ठावरच्या जाहिरातीशी येऊन थांबे. साप्ताहिकातल्या कादंबरीच्या प्रकरणाखाली 'क्रमशः' हा शब्द छापलेला असे आणि त्या एका शब्दाने वाचणाऱ्याला पुढचा आठवडाभर मोकळे केलेले असे. फोनच्या पडद्याला हा तळ राहिलेला नाही. बोटाने सरकवत राहिले की पुढचा मजकूर आपोआप येत राहतो, ही रचना 2006 साली एझा रास्किन या अमेरिकी अभिकल्पकाने केली. वाचणाऱ्याला 'पुढचे पान' म्हणून बटण दाबण्याचा त्रास पडू नये, हा त्याचा हेतू होता. पुढे त्यानेच याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला, कारण पान उलटण्याचा तो लहानसा त्रास हीच माणसाची थांबून विचार करण्याची जागा होती.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल, तर तो मिळेनासा झाल्यावर कबुतर लवकरच चोच मारणे थांबवते. पण दाणा कधी मिळतो आणि कधी मिळत नाही अशी व्यवस्था केली, तर ते कितीतरी अधिक काळ चोच मारतच राहते. फोन उघडल्यावर कधी बहिणीच्या बाळाचे छायाचित्र असते, कधी कामाचे पैसे जमा झाल्याची सूचना असते आणि बहुतेक वेळा काहीच नसते. हे 'बहुतेक वेळा काहीच नसणे' आपल्याला परावृत्त करत नाही, उलट तेच आपल्याला पुन्हा पुन्हा तिकडे ओढते. हे कळल्यावर मला स्वतःविषयी थोडी दया आली. तोपर्यंत मी हा सगळा दोष माझ्या आळसाला आणि दुबळ्या मनाला देत होते.

परंतु कारण समजले म्हणून सवय सुटली नाही. मी काही ॲप काढून टाकली आणि आठवड्यात परत घेतली. एक रविवार फोन पूर्ण बंद ठेवला, तर भाजीवाल्याला द्यायला सुटे पैसे नव्हते, गॅसच्या सिलिंडरसाठी आलेला ओटीपी बंद फोनमध्ये अडकला आणि चुलत सासऱ्यांना दवाखान्यात नेल्याचे आम्हाला रात्री शेजाऱ्यांकडून कळले. फोन ही आता एक वस्तू उरलेली नाही. पैशांचे पाकीट, पोस्ट, बँकेची खिडकी, कामाचे टेबल आणि सगळे नातेवाईक त्या एकाच काचेमागे जाऊन बसले आहेत. म्हणून फोनची तुलना दारूशी किंवा तंबाखूशी करणे मला पटत नाही. दारू माणूस सोडू शकतो. फोनचे नाते जेवणासारखे आहे; ते सोडता येत नाही, त्याला वेळ, जागा आणि पंगत द्यावी लागते. ज्यांच्या बाबतीत गोष्ट सवयीच्या पलीकडे जाऊन झोप, शिक्षण, नोकरी मोडण्यापर्यंत पोहोचलेली असते, त्यांच्यासाठी वैद्यकीय मदत हाच मार्ग आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने 2014 साली त्यासाठी वेगळे उपचार केंद्र सुरू केले आहे. माझी गोष्ट तितकी गंभीर नव्हती. ती आज बहुतेक घरांत असते तेवढीच होती.

जेवणाचा विचार करताना मला आईचा चातुर्मास आठवला. आई जाऊन आता काही वर्षे झाली. ती दर आषाढी एकादशीला एखादा नेम धरत असे. एका वर्षी तिने कांदा-लसूण सोडले, एका वर्षी चहा सोडला, एका वर्षी मात्र काहीही न सोडता रोज संध्याकाळी शेजारच्या अंध आजींना पोथी वाचून दाखवण्याचा नेम केला. लहानपणी मला यात केवळ धार्मिकता दिसे. आता त्या नेमाची घडण किती विचारपूर्वक केलेली होती, ते जाणवते. नेम धरण्याआधी ती तो घरात सगळ्यांसमोर बोलून दाखवत असे. तो एकच असे आणि लहान असे. त्याला ठरलेली सुरुवात असे, कार्तिकीला ठरलेला शेवट असे आणि शेवटी उद्यापन असे. एखाद्या दिवशी प्रवासात किंवा आजारपणात नेम मोडला, तर ती स्वतःला दोष देत बसत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करत असे. 'आता आयुष्यभर असे करणार नाही' असा निश्चय मी कितीदा केला आणि मोडला. आईने आयुष्यभराचा निश्चय एकदाही केला नाही आणि चार-चार महिन्यांचे कितीतरी नेम पार पाडले.

याच सुमारास अण्णांशी फोनवर बोलताना मोहित्यांचे वडगाव या गावाचा विषय निघाला. आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातले हे सुमारे 3,000 वस्तीचे गाव. तेथे बहुतेक लोक शेती करणारे आणि साखर कारखान्यात कामाला जाणारे. करोनाच्या काळात शाळा बंद होत्या, मुलांचे वर्ग मोबाइलवर भरत होते. शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना आणि मोठ्यांचा टीव्ही बंद होईना. तेव्हा 14 ऑगस्ट 2022 च्या ग्रामसभेत गावाने एक निर्णय घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, तो अमलात आणला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा बोलत बसतात, आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की ज्याला हवे त्याने ते सुरू करावेत. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना प्रथम मांडली, तेव्हा गावातले काही पुरुष हसले होते. गावातील बायकांनी मात्र आपण मालिका फार पाहतो हे मोकळेपणाने कबूल केले आणि गावाने हे करावे असे सांगितले. सुरुवातीला ग्रामपंचायतीच्या माणसांना घरोघर फिरून आठवण करून द्यावी लागली.

देशभरातल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. सात वाजता सगळ्यांचेच फोन बंद असल्यामुळे त्या दीड तासात कोणालाही आपण काही गमावतो आहोत असे वाटत नाही. मी एकटीने फोन बाजूला ठेवला, तर माझ्याशिवाय जग चालू राहते आणि मन तिकडे ओढ घेते. सगळ्या गावाने ठेवला, तर तेवढ्या वेळापुरते जगच घरात येऊन बसते. एकट्याच्या मनोबळावर जे टिकत नाही, ते पंगतीत सहज टिकते.

29 जून 2023 रोजी आषाढी एकादशी होती. त्या संध्याकाळी मी घरात नेम बोलून दाखवला. साडेसात ते साडेनऊ माझा फोन दाराजवळ, चपलांच्या कपाटावर राहील, त्याची घंटी मोठी असेल, वाजला तर मी उठून तिथे जाईन, उभ्यानेच बोलेन आणि परत येईन. त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा होता, हे मला नेम धरल्यावर लक्षात आले. मुलीवर मी काहीही लादले नाही. ती त्या वेळी नववीत होती. मला स्वतःला जे पेलते की नाही याची खात्री नाही, ते मुलांकडून मागण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे माझे मत आहे, आणि कितीतरी घरांतली भांडणे या एका गोष्टीमुळे वाढतात असे मी पाहिले आहे.

दाराजवळची जागा मी मुद्दाम निवडली. गावी 1990 च्या दशकात आमच्याकडे फोन आला, तेव्हा तो सोप्यातल्या कोनाड्यात होता आणि त्यावर आईने विणलेला रुमाल होता. फोन घरात होता, पण त्याला जागा होती. त्याच्याकडे जावे लागे, तो आपल्यामागे येत नसे. बोलणे संपले की फोन तिथेच राही आणि माणूस माणसांत परत येई. 2017 साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी केलेला एक प्रयोग मी वाचला होता. फोन बंद असला तरी तो टेबलावर समोर आहे, खिशात आहे की दुसऱ्या खोलीत आहे, यावर माणसाची एकाग्रता अवलंबून असल्याचे त्यात दिसले. दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांची कामगिरी सर्वांत चांगली होती. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत तेवढा ठळक परिणाम दिसलेला नाही, त्यामुळे त्यावर मी फार मोठा भार टाकणार नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर आवाज बंद करून शेजारी ठेवलेला फोन मला सतत जाणवत राही आणि दाराजवळचा फोन विसरता येई.

पहिले आठ दिवस कठीण गेले. हात आपोआप उजव्या बाजूला, जिथे फोन असायचा तिथे जाई आणि रिकाम्या सतरंजीला लागून परत येई. पुस्तकाची दोन पाने वाचली की मन उठू पाहत असे. तोपर्यंत मला वाटे की फोनने माझा वेळ घेतला आहे; त्या आठ दिवसांत कळले की वेळेपेक्षा मोठी गोष्ट गेली आहे. काही न करता बसण्याची ताकद गेली आहे. आई संध्याकाळी वाती वळत बसे, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असे, ते माझ्याजवळ उरलेले नव्हते. नवव्या-दहाव्या दिवसानंतर हे हळूहळू बदलू लागले. नेमके केव्हा बदलले ते मला सांगता येणार नाही, कारण बदलले तेव्हा माझे तिकडे लक्ष नव्हते.

कामाच्या माणसांना मी कळवले होते की साडेसातनंतर तातडीचे असेल तर कृपया फोन करावा. पाच महिन्यांत असे फोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले. व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणाही मी त्याच काळात बंद केल्या. निरोप वाचल्याची ही खूण नोव्हेंबर 2014 मध्ये आली आणि तिने आपल्या वागण्यात केवढा फरक पडला, याचा विचार आपण फारसा करत नाही. पूर्वी पत्राला आठ दिवसांनी उत्तर दिले तरी कोणाचा अपमान होत नसे. आता पाहून दहा मिनिटे झाली की समोरच्याला शंका येऊ लागते आणि आपल्याला अपराधी वाटू लागते. मोठ्या नणंदबाईंनी एकदा विचारले, "अगं, तुला माझे मेसेज पोचतात ना?" मी त्यांना सगळे सांगितले. "मग मीही तुला फोनच करत जाईन," असे त्या म्हणाल्या आणि तेव्हापासून आम्ही दर शुक्रवारी बोलतो. पूर्वी आम्ही एकमेकींना केवळ फुलांची चित्रे पाठवत होतो.

नेमाला एक अपवाद मी आधीच सांगून ठेवला होता. माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये लीड्सला असते आणि रविवारी रात्री साडेआठला, तिच्या दुपारी, तिचा व्हिडिओ कॉल येतो. आई शेवटच्या आजारपणात अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिने बहिणीच्या बाळाला पहिल्यांदा पाहिले ते याच काचेतून, आणि प्रत्यक्ष पाहणे तिच्या नशिबात नव्हते. फोनला शत्रू म्हणणाऱ्या लेखांचा म्हणूनच मला त्रास होतो. ज्या घरातली मुले परदेशी आहेत, त्या घराला या काचेचे मोल ठाऊक आहे. आम्ही एवढेच केले की रविवारचा तो कॉल पाहुणा आल्यासारखा घेऊ लागलो. फोन टेबलावर उभा ठेवायचा, सगळ्यांनी समोर बसायचे, बोलणे चालू असताना भाजी निवडायची नाही की दुसरा फोन पाहायचा नाही. ऑगस्टमध्ये कधीतरी मुलगी आपणहून म्हणाली, "आई, माझाही ठेवते तिथे, पण आठ वाजता गृहपाठाचा मेसेज येतो, तेवढा बघून येईन." ती बघून यायची आणि बहुतेक वेळा लगेच परत यायची. आल्यावर वर्गातले काहीतरी सांगायची.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही गावी गेलो. तिथे चपलांचे कपाट नव्हते, म्हणून फोन त्या जुन्या कोनाड्यात ठेवला. पाडव्याच्या संध्याकाळी सोप्यात अण्णा, माझा भाऊ, वहिनी आणि आम्ही सगळे बसलो होतो. अण्णांनी कोनाड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत. मी दुष्काळाचा विषय काढला नाही. मे महिन्यात जे मी तोडले, ते मागण्याचे मला धैर्य नव्हते. बऱ्याच वेळाने, भाऊ विहिरीच्या पाण्याविषयी बोलत असताना, ते आपणहून म्हणाले, "त्या दिवशी मुकादमानं ढीग मोजला नाही ना, तर काय झालं..."

आजीला त्या आठवड्यात ताप होता आणि तिचा ढीग मापात थोडा कमी भरत होता. मापात न बसणारा ढीग पुढच्या आठवड्यावर जाणार, म्हणजे या आठवड्याची मजुरी नाही. अण्णा तिथेच उभे होते. मुकादम पुढच्या ढिगाकडे वळला, तेव्हा शेजारी काम करणारी एक बाई काही न बोलता उठली आणि स्वतःच्या ढिगातली खडी घमेल्याने आजीच्या ढिगावर ओतू लागली. एक घमेले, दुसरे, मग आणखी एका बाईने तिसरे. मुकादम परत आला तेव्हा ढीग मापात होता. त्याने पाहिले होते की नाही, हे अण्णांना आजही माहीत नाही. त्याने माप लावले आणि वहीत आजीचे नाव लिहिले. "त्या बाईचं नाव मला आईनं मरेपर्यंत रोज घ्यायला लावलं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी ते नाव उच्चारले. माझी मुलगी त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज झाल्यावर अण्णा मला म्हणाले, "तुझ्या त्या मोबाइलमध्ये आवाज धरून ठेवता येतो म्हणं. धाकटीला पाठव की. तिनं ऐकली नाही कधी ही गोष्ट." मी कोनाड्यातून फोन काढला, ध्वनिमुद्रण सुरू केले आणि तो पालथा करून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. ते पहिल्यापासून सांगू लागले, आदल्या दिवशी न सांगितलेलेही बरेच काही त्यात होते. पाऊण तास झाला असेल, तेवढ्यात पलीकडून भावाने हाक मारली, "अण्णा, थ्री फेज आली!" आणि उसाला पाणी सोडायला ते तसेच उठून गेले. मीही त्यांच्या मागे बॅटरी घेऊन गेले. फोन सोप्यातच राहिला आणि मुद्रण चालू राहिले.

ते शेवटचे मी कापून टाकले नाही, होते तसेच बहिणीला पाठवले. रविवारी साडेआठला तिचा कॉल आला. गोष्टीविषयी ती लगेच काही बोलू शकली नाही. मग म्हणाली, "ताई, ते उठून गेल्यावरची सहा मिनिटं आहेत ना, ती मी दोनदा ऐकली. त्यांच्या चपलांचा आवाज लांब जातो, आणि मग मोटर सुरू होते."